वाळूशिल्प करायचे आहे, केरीच्या किनाऱ्यावर, नववीच्या मुलांबरोबर. रेंव, म्हणजे आमच्याकडची वाळू, टिकेल का?

पेडण्याची_चित्रकला

नमस्कार मंडळी. पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवते. फेब्रुवारीतल्या एखाद्या शनिवारी नववीच्या मुलांना केरीच्या किनाऱ्यावर नेऊन एक मोठे वाळूशिल्प करायचे ठरले आहे. विषय मुलांनीच निवडला: जाळे शिवत बसलेला म्हातारा रापणकार, म्हणजे रापणीचे मोठे जाळे किनाऱ्यावरून ओढणारा मच्छीमार. वर्गातल्या दोघातिघांच्या घरी रापण आहे, त्यामुळे जाळे कसे धरतात, सुई कशी फिरते यावर त्यांचे आधीच वाद सुरू झालेत.

मी कागद, रंग, थोडीफार शाडू यांत वाढलेली. वाळूचा अनुभव नाही. तेव्हा विचारते:

रेंव कुठली घ्यायची, सुरूच्या झाडांजवळची की पाण्याजवळची? पाणी किती? आतून बांबूचा सांगाडा करावा का? वरून फेव्हिकॉल मारतात म्हणे, ते खरे का? उंची चार फूट तरी हवी, असा मुलांचा हट्ट आहे. साधारण तीस मुले आहेत. सकाळी आठला बस निघते, संध्याकाळी पाचला परत.

---

सदा_नाराज

भरतीला जाणारी वस्तू करण्यासाठी अख्खा शनिवार? त्यापेक्षा मुलांकडून किनारा साफ करून घ्या. निदान बाटल्या तरी कमी होतील.

---

चित्रशाळावाला

सदा बाब, चवथीचा गणपती दीड दिवसात पाण्यात जातो. तो करायला आम्ही जूनपासून चिखलात हात घालून बसतो. तुमच्या घरी येतो ना?

बाई, आता तुमचे बोलूया. माझी गणपतीची चित्रशाळा आहे, वडिलांच्या वेळेपासूनची. पाऊस संपला, चवथ आटोपली की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हॉटेलांच्या आवारात, लग्नांत वाळूशिल्पे करतो. त्यामुळे माती आणि वाळू दोन्ही हाताखालून जातात. आणि मातीवाल्याला वाळू जड जाते ती एका कारणाने: मातीत नाक बसके झाले तर चिमूटभर लावता येते. रेंवेत लावलेले राहत नाही. तिथे फक्त काढायचे. म्हातारा आधीच त्या ढिगात अख्खा हवा, जाडजूड, जागच्या जागी. मग त्याच्या अंगावरची जास्तीची रेंव काढत जायची.

म्हणून पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. हे काम कोरण्याचे कमी आणि चोपण्याचे जास्त आहे. दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ भरण्यात आणि चोपण्यात जाणार. मुलांना दहा वाजता थापी हातात हवी असेल, देऊ नका.

सांगाडा अजिबात नको. मला माहीत आहे मुले काय म्हणणार. दिवाळीत नरकासुर बांधून बांधून प्रत्येकाला वाटते की आत लोखंड नाही तर उभे काहीच राहणार नाही. रेंव सुकताना, बसताना थोडी खाली सरकते. बांबू सरकत नाही. मग बांबूच्या बाजूने भेग पडते आणि तिथूनच खांदा सुटतो. रेंवेला रेंवच धरते.

आता भरायचे कसे. बांधकामवाल्याकडे शटरिंगची जुनी प्लाय मिळते, ती मागून आणा. दोन चौकटी करा, तळ नसलेल्या, वर पण उघड्या. खालची पाच बाय पाच फूट, उंची दोन फूट. तिच्यावर दुसरी तीन बाय तीन, तीही दोन फूट. कोपरे खिळ्यांनी नको, बोल्टने जोडा, म्हणजे सोडवताना ठोकाठोकी होत नाही आणि आतला ढीग हलत नाही. बाहेरून दोरखंडाचे दोन वेढे घाला, कारण ओली रेंव प्लायला पोट काढते. चौकट नाहीच मिळाली तर तळ कापलेली प्लास्टिकची पिंपे चालतात.

हिशेब सांगतो, म्हणजे मुलांना चार फूट म्हणजे काय ते कळेल. या दोन चौकटींत मिळून अडुसष्ट घनफूट रेंव बसते. ओली, चोपलेली, म्हणजे साडेतीन टनांच्या वर. घमेल्याने मोजाल तर दीडशे ते दोनशे घमेली. तीस मुले आहेत म्हणून मी हो म्हणतो. पाच मुले असती तर दोन फुटांचा म्हातारा करा म्हटले असते.

सहा इंच रेंव टाकायची, वर पाणी ओतायचे ते पृष्ठभाग चकाकेपर्यंत, मग मुलांना आत उतरवून पायांनी तुडवायला लावायचे, आणि शेवटी धुमस, म्हणजे जमीन चोपायचा जड ठोकळा, मारायचा. पाणी खाली उतरताना कण एकमेकांत बसवत जाते. सुरुवातीला धुमस मारला की पचपच आवाज येतो. बसली की आवाज कोरडा होतो, हाताला झटका परत येतो. तो आला की पुढचा थर. कोपऱ्यांत जास्त मारा, सगळे मधेच मारतात आणि चौकट काढली की कोपरा घरंगळतो.

रेंव कुठली? सुरूच्या झाडांखालची नको, त्यात काड्या, सुया, मुळे. वाऱ्याने आलेली कोरडी भुरभुरीत पण नको. केरीला तेरेखोल नदीच्या मुखाकडची बाजू आहे तिथे रेंवेत थोडा गाळ मिसळलेला असतो, ती उत्तम. हातात मूठभर ओली रेंव घ्या, दाबून लाडू वळा आणि तळहातावर घरंगळत पुढेमागे न्या. फुटला नाही तर कामाची. दोन-तीन ठिकाणचे लाडू करून बघा. पन्नास पावलांवर फरक पडतो.

फेव्हिकॉलचे खरे आहे. पांढरा डिंक भरपूर पाण्यात पातळ करून फवारणीच्या पंपाने मारतात, वाऱ्याने वरची कातडी उडू नये म्हणून. हॉटेलात आठवडाभर ठेवायचे असते तेव्हा मीही मारतो. तुम्हाला पाचला बस आहे. साध्या पाण्याचा बारीक फवारा अर्ध्या-पाऊण तासाने मारत राहा, पुरते.

भरतीचे पुढच्या वेळी लिहितो, आता गिऱ्हाईक आलेय.

---

ओला_कण

मी फोंड्याकडचा भौतिकशास्त्राचा मास्तर. वरचे वाचून राहवले नाही.

ओल्या वाळूत दोन कणांच्या मधे पाण्याचा इवलासा पूल तयार होतो. पृष्ठताणामुळे तो पूल दोन्ही कणांना एकमेकांकडे ओढतो. कोरड्या वाळूत पूलच नाहीत. तुडुंब भिजलेल्या वाळूत सगळीकडे पाणीच, मधे हवा नाही, म्हणून तिथेही पूल नाहीत. दोन्ही ढासळतात ते याच कारणाने.

अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या डॅनियल बॉन यांच्या गटाने २०१२ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांना आढळले की वाळू सगळ्यात मजबूत असते ती आकारमानाच्या सुमारे एक टक्का इतकेच पाणी असताना. आणि वाळूचा खांब किती उंच जाऊ शकतो हे तळाच्या त्रिज्येच्या दोन-तृतीयांश घातावर ठरते. सोप्या भाषेत, तळ दुप्पट रुंद केला तर उंची दुप्पट होत नाही, साधारण एक पूर्णांक सहा पट होते. त्यामुळे बादल्याच्या बादल्या ओतायचा सल्ला मला जरा जास्त वाटतो.

गाळाबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. डेन्मार्कमध्ये ब्लोखुस इथे २०२१ साली २१.१६ मीटर उंचीचा विक्रमी वाळूचा किल्ला झाला, त्या वाळूत सुमारे दहा टक्के चिकणमाती होती.

---

चित्रशाळावाला

मास्तर, एक टक्का पाणी घालून धुमस मारून दाखवा. धुरळा उडेल. पाणी मी ठेवायला ओतत नाही, जायला ओततो.

---

ओला_कण

हे पटले. म्हणजे दोन वेगळ्या वेळा आहेत. भरताना जास्त पाणी कणांना सरकू देते, ते घट्ट बसतात, मग जादाचे पाणी तळातून निथळून जाते आणि कणांच्या मधे तेवढेच उरते जेवढे पूल धरून ठेवतात. बॉन यांचा आकडा त्या उरलेल्या पाण्याचा आहे. ब्रिटनमध्ये बोर्नमथ विद्यापीठाने आठ बादल्या वाळूला एक बादली पाणी असे प्रमाण सांगितले होते, ते किनाऱ्यावर भरणाऱ्याच्या जास्त जवळ जाते. आणि हो, तळ उघडा का ठेवायचा ते आता बाईंच्या मुलांना सांगता येईल. तळ असता तर पाणी जाणार कुठे?

---

मोरजेकरीण

बाई, केरीला जात आहात हे बरे आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे हा प्रश्न विचारला असता तर मी नकोच म्हटले असते. ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबरपासून पुढे अंडी घालायला येतात, फेब्रुवारी म्हणजे ऐन हंगाम. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. वनखाते कुंपण घालते, पण कुंपण घालायच्या आधीचे घरटे कुणाला दिसते?

केरीलाही एक करा. रेंव जिथून उपसाल तो खड्डा निघण्याआधी बुजवा. दोनशे घमेली म्हणजे खड्डा नव्हे, विहीरच. रात्री त्यात कासव पडले तर त्याला उलटे फिरता येत नाही, आणि माणूस पडला तर पाय मोडतो. शक्यतो पसरट, पायाच्या घोट्याएवढे खोल उपसा. डिंक मारू नका, दादांनी सांगितलेच आहे. पंचायतीला आणि जीवरक्षकांना आदल्या दिवशी कळवा.

---

पेडण्याची_चित्रकला

सगळ्यांचे आभार. सदा बाब, आधी तासभर किनारा साफ करायचा, असे मुलांनीच ठरवले, तुमचे वाचून. चित्रशाळावाले दादा, भरतीचे राहिले. आणि कोरायचे कसे तेही सांगा ना.

आणखी एक. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. अभ्यासात यथातथा, पण हात विलक्षण. वाळूशिल्पाचे व्हिडिओ बघून आता म्हणतो, हेच करणार. घरचे मला विचारतात, यात पोट भरते का? मी काय सांगू?

---

चित्रशाळावाला

भरती आधी. आमच्या आजोबांचा हिशेब: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहाला भरती, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास ओहोटी, संध्याकाळी साडेसहाच्या आतबाहेर परत भरती. शिवाय अष्टमीला भांग असते, पाणी फार वर चढत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, आणि भरती नेमकी अकरा-सव्वाअकराला, म्हणजे तुमची चौकट भरून होते तोवर समुद्र दारात. तेव्हा अष्टमीच्या जवळचा शनिवार धरा. हा अंदाज झाला, नक्की वेळेसाठी मुरगाव बंदराचे भरतीचे कोष्टक मोबाइलवर बघा. आदल्या रात्रीच्या भरतीने सोडलेली काडीकचऱ्याची रेघ दिसते ना, तिच्या वर दहा पावले जागा घ्या. फार वर गेलात तर पाण्याच्या बादल्या वाहून मुले दमतात.

आता कोरणे. वरची चौकट आधी सोडा, खालची तशीच ठेवा. डोके, खांदे, छाती पुरी झाल्याशिवाय खालची सोडायची नाही. वरून पडणारी रेंव खालच्या कामावर पडते, म्हणून खाली आधी केलेले सगळे फुकट. आणि खालची चौकट असली की तिच्यावर उभे राहून काम करता येते.

तुमच्या मुलांनी विषय चांगला निवडलाय. बसलेला माणूस म्हणजे खाली रुंद, वर निमुळता. मांडी घातलेली ठेवा, उकिडवा नको. उकिडव्याच्या पोटऱ्यांखाली पोकळी येते. हात अंगापासून सुटे काढू नका, कोपर पोटाला आणि मनगट गुडघ्याला टेकलेले हवे. सुई धरलेला हात जाळ्याच्या ढिगावरच ठेवा, हवेत नको. मान आखूड करा. म्हाताऱ्याची मान तशीही खांद्यात गेलेली असते. हनुवटी छातीकडे झुकलेली, कारण तो जाळ्याकडे बघतोय. बघा, गळ्याखालची पोकळी आपोआप भरली.

चेहऱ्याला पाहिजे त्यापेक्षा खोल कोरा. कागदावर तुम्ही काळी पेन्सिल लावता, इथे ती पेन्सिल उन्हाकडे आहे. डोळ्यांची खोबण दोन बोटे खोल गेली नाही तर बारा वाजता डोक्यावरच्या उन्हात चेहरा सपाट भाकरी दिसतो. तोंड पश्चिमेकडे करून बसवा, तीन-चार वाजता ऊन तिरके आले की सुरकुत्या उठून येतील. आपल्या रेंवेत काळे पट्टे असतात, जड खनिजांचे. ते गालावर आले तर पुसायला जाऊ नका, छान दिसतात.

हत्यारे विकत घेऊ नका. गवंड्याची लहान थापी, घरचे जुने उलथणे, लोणी लावायची सुरी, करवंटी, रंगाचे ब्रश. सुरकुत्यांना माडाच्या झावळीचे हीर. खाचेत सांडलेले कण बोटाने काढू नका, शहाळ्याची नळी तोंडात धरून फुंका. जाळ्यासाठी मात्र एक गंमत करा. रापणवाल्या मुलाकडून फाटक्या जाळ्याचा तुकडा आणा, ताणून ओल्या रेंवेवर ठेवा, फळीने हलके दाबा आणि सरळ वर उचला. बाजूला ओढलात तर सगळे पुसेल. त्या ठशांतली भोके मग हिराने जरा खोल करायची. तीस मुलांतल्या पंधरांना हेच काम द्या, नाहीतर सगळी नाकाभोवती जमतील.

आणि कृपा करून खाली 'किनारा वाचवा' वगैरे अक्षरे कोरू नका. शाळा म्हणेल, मुख्याध्यापक म्हणतील. म्हातारा नीट झाला तर लोक थांबतील. अक्षरे कोरली की लोक फक्त अक्षरे वाचतात आणि पुढे जातात. रंगाची पूड मारणे पण तसेच. ओडिशातले लोक मारतात, त्यांना ती शोभते, कारण खालचा आकार आधी पक्का असतो. आपल्याकडे बहुतेक वेळा रंग मारतात तो बसका आकार झाकायला.

मुलाबद्दल. त्याला पुरीचे नाव माहीत असेलच. सुदर्शन पटनायक, गरीब घरातला, कुठल्या कला महाविद्यालयात न जाता त्याच किनाऱ्यावर शिकलेला माणूस. २०१४ मध्ये पद्मश्री, २०२५ मध्ये इंग्लंडात वेमथला फ्रेड डॅरिंग्टन या तिथल्या वाळूशिल्पकाराच्या नावाचा पुरस्कार. पुरीच्या किनाऱ्यावर त्यांची शाळा आहे. तिथे ही परंपरा जुनी मानतात. बलराम दास नावाच्या संतकवीला जगन्नाथाच्या रथावरून हाकलले, तेव्हा त्याने किनाऱ्यावर वाळूचे देव केले आणि तिकडे रथ जागचा हलेना, अशी त्यांची कथा आहे. कोणार्कजवळ चंद्रभागेच्या किनाऱ्यावर डिसेंबरच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय वाळूशिल्प महोत्सव भरतो, सरकार भरवते. म्हैसूरला एम. एन. गौरी या बाईंनी तर वाळूशिल्पांचे संग्रहालयच केले आहे. म्हणजे मार्ग आहे.

पण घरच्यांना दुसरी बाजूही सांगा. माझ्यासारख्याला पैसे किनाऱ्यावर मिळत नाहीत. मिळतात हॉटेलच्या हिरवळीवर, नाताळात, लग्नात नवरा-नवरीची नावे आणि बदाम कोरून. एका ठिकाणी मी दोन दिवस खपून मत्स्यकन्या केली होती. पहाटे त्यांचे हिरवळीचे फवारे आपोआप सुरू झाले, नाष्ट्याला पाहुणे आले तोवर शेपटी शिल्लक. वर मॅनेजर म्हणतो, काम टिकाऊ नव्हते, अर्धेच पैसे देतो. तेव्हापासून अर्धी रक्कम आधी घेतो आणि माळ्याला स्वतः जाऊन भेटतो. मुलाला कोरायला कोणीही शिकवेल. हे माळ्याला भेटणे मात्र कोणी शिकवत नाही.

शिवाय पावसाचे चार महिने वाळू बंद. माझे घर त्या महिन्यांत गणपतीवर चालते. म्हणून त्याला म्हणा, दहावी-बारावी कर, मग पणजीत आल्तिनोला गोवा कला महाविद्यालयात प्रवेशाचा प्रयत्न कर, आणि मेच्या सुट्टीनंतर माझ्या चित्रशाळेत माती मळायला ये. हाताला शरीर कळले की वाळू, माती, सिमेंट, जे मिळेल ते करता येते. फक्त वाळूच करणार म्हणाला तर जूनमध्ये काय खाणार ते त्यालाच विचारा.

---

सदा_नाराज

मत्स्यकन्येची शेपटी वाचून हसलो. बाई, कुठला शनिवार ते सांगा. कचऱ्याच्या पिशव्या मी आणतो. चोपायला मात्र सांगू नका, कंबर धरलेली आहे.

---

पेडण्याची_चित्रकला

पंचांगात बघितले, शुद्ध अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी शनिवार येतोय. भरती पाऊण तास पुढे जाईल एवढेच. मुख्याध्यापकांनी अक्षरांचा विषय काढलाच. मी सांगितले, फलक बाजूला काठीवर लावू. मुलगा म्हणतो माती मळायला जूनपर्यंत थांबायचे कशाला, आताच येतो. दादा, शटरिंगची प्लाय मिळाली, बोल्ट पण. धुमस मात्र गावात कोणाकडे नाही, सगळे आता मशीन वापरतात.

---

चित्रशाळावाला

धुमस दोन आहेत माझ्याकडे, एक मोठा, एक मुलांच्या हातात मावेल असा. नसला तर माडाचा ओंडका कापून आडवी मूठ ठोकली तरी चालतो. शनिवारी सकाळी साडेआठला तेरेखोलच्या फेरीच्या धक्क्याजवळ थांबतो. घमेली आणि फावडी तुमची. मुलांना म्हणावे चपला घरी ठेवून या, आणि जेवण अकराला नको, पहिली चौकट भरल्यावर. पोट भरले की कोणी तुडवत नाही.